घाटासाठी लाइट

"डॅशबोर्ड खोलावा लागन काय?" कुलदीपनं विचारलं.

"नाई लागत," देवानंद म्हणाला. "बटनाची वायर खालून काढतो. दोन लाइटचं तं काम हाय."

"खोलाच भाऊ. गाडी जुनी हाय, आतलं सारं वायरिंग एकदा पाहून घ्या. घाटात लाइट गेले तं पंचाईत."

पांढरी पिकअप मोर्शीहून आली होती. कुलदीप आणि त्याची बायको गीतांजली पातूरच्या घाटापलीकडच्या गावी निघाले होते. तिचं माहेर तिथलं, आई आजारी. परतताना घाटात अंधार पडेल आणि गाडीचे दिवे मिणमिणते, म्हणून अकोल्याच्या बायपासवर देवानंदचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान दिसताच त्यांनी गाडी वळवली होती.

"बॉनेट खोला," देवानंद म्हणाला.

कुलदीप स्टिअरिंगखाली चाचपडत राहिला. इकडे हात घातला, तिकडे घातला. शेवटी देवानंदनंच वाकून दांडी ओढली.

"गाडी सासरेच चालवतात," गीतांजली म्हणाली. "यायच्या हाती कधी देत नाईत. आज माह्या आईसाठी दिली."

देवानंद कामाला लागला. बंपरवर पट्टी बसवली, तिच्यावर दोन्ही एलईडी लाइट घट्ट आवळले. बॅटरीपासून जाड वायर काढली, फ्यूज टाकला, रिले जोडला. पुष्कळ जण रिलेचा खर्च वाचवतात आणि मग बटन जळतं. देवानंद तसलं काम करत नसे.

मग त्यानं डॅशबोर्ड खोलला.

मीटरच्या मागे, काळ्या टेपनं गुंडाळलेली एक डबी होती. काडीपेटीएवढी. तिचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. अशा डब्या देवानंदनं स्वतः कितीतरी गाड्यांत बसवल्या होत्या.

"हे तुमी लावलं काय?"

"काय हाय ते?" कुलदीप पुढे झाला.

"जीपीएस. गाडी कुठी हाय ते मालकाले मोबाईलात दिसते."

कुलदीपनं बायकोकडे पाहिलं. गीतांजली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"सासऱ्यायनं लावलं असन," ती हळू म्हणाली. "माहेरी टेकली नाई की फोन येते. म्हणे, अजून निघाली नाईस काय? मले वाटे, त्यायले घरी बसून समजते कसं?"

देवानंदची बहीण हर्षा अचलपूरला दिलेली. बापाच्या तेरवीला आली तीही संध्याकाळच्या आत परत नेली तिच्या घरच्यांनी. फोन केला तर तो स्पीकरवर असतो आणि शेजारी सासू खोकत असते. हल्ली देवानंदनं फोन करणंच सोडलं होतं.

"काढून टाकतो," तो म्हणाला.

"नका भाऊ!" गीतांजली घाबरली. "त्यायले समजलं तं मले पुन्हा माहेर दिसणार नाई."

"राहू द्या," कुलदीपही म्हणाला. "घरात तमाशा नको."

देवानंद पक्कड हातात धरून बसला. त्याला त्या दोघांचा राग आला, आणि स्वतःचाही.

"समजणार नाई," तो म्हणाला. "याच्या आत बारकी बॅटरी असते. गाडीतून काढलं तरी चालू राह्यते. मी ते माह्या टेबलावर ठेवतो. सासऱ्याले वाटन गाडी दुकानात उभी हाय, लाइटचं काम लांबलं. तुमी आईपाशी निवांत बसा, ताई. वापस जाताना थांबा, होतं तसं लावून देतो."

"त्यायले इथीच दिसन?" कुलदीपनं विचारलं.

"हाव. इथीच."

"पक्कं?"

"अरे बावा, रोजचं काम हाय माहं."

गीतांजलीनं डोळे टिपले. देवानंदनं लाल वायर कापली, टोकाला टेप लावली आणि डॅशबोर्ड बसवून टाकला. बटन दाबलं तशी समोरची पत्र्याची शेड भर दुपारी पांढरीफटक झाली.

निघताना गीतांजली त्याच्या पाया पडायला वाकली. देवानंद मागे सरकला.

"सख्खा भाऊ भेटला मले आज," ती म्हणाली.

पिकअप पातूरच्या दिशेनं दिसेनाशी झाली. डबीची बॅटरी मध्येच उतरायला नको म्हणून देवानंदनं ती दुकानातल्या बॅटरीला जोडून ठेवली. हिरवा ठिपका जोमानं लुकलुकू लागला.

हात पुसून त्यानं हर्षाला फोन लावला.

"कशी हायेस?"

"बरी हाये." मागे सासू खोकलीच.

"आयतवारी घ्यायले येतो तुले. चार दिवस राह्यशीन. तुह्या सासूले दे फोन, मीच सांगतो."

पलीकडून हर्षाचं नाक ओढणं ऐकू आलं. देवानंदला एकदम हलकं वाटलं. एवढं सोपं होतं हे, आणि आपण इतके दिवस बसून राहिलो!

उन्हं कलली तशी एक मोटरसायकल दारात थांबली. मागे बसलेली बाई मोबाईलकडे पाहतच उतरली. पन्नाशीची, चेहऱ्यावर रस्त्याची धूळ. गाडी चालवणारा माणूस हेल्मेट न काढताच दुकानामागच्या मोकळ्या जागेत डोकावून आला.

सासऱ्यानं माणसं पाठवली तर. देवानंदनं मनाशी वाक्य जुळवून ठेवलं.

"भाऊ, इथी पांढरी पिकअप हाय काय?" बाईनं विचारलं. "मोर्शीची?"

"हाव, इथीच हाय," तो शांतपणे म्हणाला. "लाइटचं काम चालू हाय. ट्रायल घ्यायले नेली, येतेच आता. बसा तुमी. काही कायजी करू नका."

बाईनं मटकन बाकड्यावर बसकण मारली आणि छातीशी दोन्ही हात जोडले.

"देवासारखे भेटले बावा तुमी! सकाळी मार्केटात चावी गाडीलेच ठेवून भाजी उतरवाले गेलो, तेवढ्यात एका जोडप्यानं चोरून नेली आमची गाडी. तुमी धरून ठेवले ना त्यायले?"