सुताराची टाळी

टाळी वाजली, आणि वाजवणाऱ्यानंच चमकून आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हणून मी आज नगराध्यक्षपदाचा राजीनामा देते आहे," असं म्हणून ताई थांबल्या होत्या. नेहमीसारख्याच, मान जराशी उजवीकडे झुकवून. ताई अशा थांबल्या की तिसऱ्या रांगेतल्या सुतारानं पहिली टाळी वाजवायची, ही वर्षानुवर्षांची रीत. रंधा मारून मारून त्याचे हात असे टणक झालेले की आवाज थेट मागच्या भिंतीला लागायचा. मग बाकीचे उचलून धरायचे. लोक त्याला टाळीवाला म्हणत. त्याला राग सोडाच, वर ऐट वाटायची.

आजही लोकांनी उचलून धरली. सभागृह दणाणलं. ताईंचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. समोरच्या टाळ्या थांबायची वाटही न बघता त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. मागोमाग ताईंच्या चिटणिसानं सुताराचं बखोट धरून त्यालाही आत ओढलं आणि दार लावलं.

"अरे शहाण्या, आज टाळी नव्हती वाजवायची! लोकांनी 'नाही, नाही' करत उठायचं होतं. पुढच्या दोन रांगांना सगळं समजावून ठेवलं होतं मी. लोक अडवणार, ताई त्यांचा मान राखून राजीनामा मागे घेणार. तुझ्या त्या दणक्यात कोण कशाला उठतंय? केलंस वाटोळं!"

"पण साहेब, मला कुठे कुणी सांगितलं?"

"तुला काय सांगायचं? तू तर घरचाच!"

घरचा म्हणून सांगितलं नाही, आणि आता घरचा म्हणून शिव्या. ताई एकावर एक रचलेल्या खुर्च्यांना टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि त्याला चिटणिसाच्या ओरडण्यापेक्षा तेच जास्त लागत होतं. ताईंचं पहिलं भाषण त्याच्याच कामाच्या टेबलावर उभं राहून झालेलं. टेबल डगमगू नये म्हणून हा खाली पाय धरून बसला होता. त्या ताईंची खुर्ची आपल्याच हातांनी गेली म्हणजे कमाल झाली!

"अजून वेळ गेलेली नाही," चिटणीस खाली आवाजात म्हणाला. "लोक बसलेत. तू माइकवर यायचं, म्हणायचं, सवयीनं हात उठला, चूक झाली, ताई जाऊ नका. लोक हसतील. पुढचं मी बघतो."

तेव्हा कुठे ताईंनी मान वर केली.

"सवयीनंच वाजली ना रे?"

ताईंनी त्याला कामं सांगितली होती, झापलंही होतं. असं अजिजीनं कधी विचारलं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. सगळं जागच्या जागी बसलं असतं.

सुताराला घरचा नळ आठवला. दोन महिने चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. नातीला ताप आला तेव्हा बायको म्हणाली होती, "तुमच्या ताईंना न्या हे, एक पेला पाजा." तरी तो गिऱ्हाइकांशी भांडायचा, ताईंचा काय दोष, म्हणून. भांडताना आवाज चढायचा, कारण खात्री नव्हती. आणि आज ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, गावात टाकलेले नळ हलक्या प्रतीचे आहेत हे मला आधीच सांगण्यात आलं होतं, मी कानाआड केलं, चूक माझी आहे. ते ऐकताना त्याचा ऊर भरून आला होता. इतक्या भाषणांत इतकं सरळ त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"पहिली सवयीनं वाजली, ताई," तो म्हणाला. "पुढच्या मनापासून."

चिटणिसानं कपाळावर हात मारून घेतला.

"मी बायकोला म्हणत होतो, ताई स्वतःहून बोलतील एक दिवस. ती हसायची." सुतार एक पाऊल पुढे आला. "आज बोललात. आता त्यातलं काही मागे घेऊ नका. मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

बाहेर लोकांची कुजबुज वाढत होती. ताईंनी पदरानं चेहरा पुसला.

"लागलं रे मला," त्या म्हणाल्या. "फार लागलं." मग चिटणिसाकडे वळल्या. "बाहेर जाऊन सांगा. दिला तो दिला."

"ताई, जरा थंड डोक्यानं..."

"सांगा म्हटलं ना."

चिटणीस हात झटकत दाराशी गेला. "बरं. गाडी मागच्या दाराला लावायला सांगतो."

"गाडी कार्यालयाची आहे. तिला कार्यालयात जाऊ द्या." ताईंनी पायात चपला सरकवल्या आणि सुताराला विचारलं, "स्कूटर आणली आहेस ना तू? की तीही बिघडलीय?"

"चालते, ताई. कुरकुर करते, पण चालते."

त्यानं हत्यारांची पिशवी पुढे पायाशी घेतली, सीटवरचा भुसा बाहीनं झटकला. ताई मागे बसल्या. सभागृहातून लोक बाहेर पडायला लागले होते, बघत होते. सुताराची मान वर होईना. कोपऱ्यावर येताच त्यानं गपचूप गोदामांमागच्या बोळाकडे हँडल वळवलं.

खांद्यावर थाप पडली.

"इकडून कुठे चोरासारखा? बाजारातून घे."