काचघरातली ओली माती

"माती ओली आहे," युनियनच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "काचेला नाक लावून मी स्वतः पाहिली. कोणीतरी काचघरात पाणी घालतंय."

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर सतरंज्यांवर बसलेल्यांत चुळबुळ झाली. कुलसचिवांनी पेन्शनला कात्री लावल्यापासून कारकून, शिपाई, प्रयोगशाळेतली माणसं सगळी काम सोडून इथे बसली होती. काही विद्यार्थीही फलक घेऊन त्यांच्या बाजूला येऊन बसले होते. काचघरातली संशोधनाची रोपं माना टाकायला लागली की वरचे ताळ्यावर येतील, असा सगळ्यांचा होरा होता. झालं उलटंच. काल कुलसचिव हसत म्हणाले होते, "तुमच्यावाचून काय अडलंय? काचघर बघा, कसं हिरवंगार आहे."

"फितूर सापडला की आपण कोर्टात लावलेल्या पेन्शनच्या दाव्यातून त्याचं नाव काढायचं," बाई म्हणाल्या. "मग तो कोणी का असेना."

"कोणी का असेना," झेरॉक्स म्हणाला. तो झेरॉक्सच्या मशीनवर असायचा आणि दुसऱ्याचं वाक्य पुन्हा म्हणायची त्याला खोड होती. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाच आठवत असेल.

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. काचघर काकांचं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या दमट काचेखाली काढली होती आणि येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. पेन्शन बुडाली तर पुढे काय, हा विचार ते मनात फार वेळ टिकू देत नसत.

"काका, दुपारी मागच्या फाटकावर तुमचा पहारा असतो," बाई म्हणाल्या. "कोणी आत गेलं का?"

"माझ्यासमोरून कोणी गेलेलं नाही," काका म्हणाले.

बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. संपाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याकडची किल्ली त्यात टाकली होती. काकांची पितळी किल्ली तळाशी होती. तिच्या सुतळीला 'काचघर' अशी चिठ्ठी बांधलेली होती. बाईंचा चेहरा निवळला.

"तुमच्यावर संशय नाही हो. पण दुसरी किल्ली वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे असते ना?"

"त्यांच्या टेबलाच्या खणात," काका म्हणाले आणि लगेच त्यांना वाटलं, हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

कारण सगळ्या माना आता सरांच्या विद्यार्थिनीकडे वळल्या होत्या. काचघरातली रोपं तिची होती. पहिल्या दिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माझी रोपं गेली तर जाऊ देत. पुन्हा लावीन. तुमचं म्हातारपण पुन्हा येणार नाही." तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता त्या टाळ्या आठवून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. डिग्रीची मेहनत कोण सुखासुखी वाळू देतं?

काकांचंही बरेच दिवस तिच्यावर लक्ष होतं. पोरगी हल्ली फार बघायची त्यांच्याकडे. दुपारी मागच्या फाटकाकडे चक्कर मारायची. एकदा तिने विचारलं होतं, "इथे एकटे कंटाळत नाही, काका?"

"कंटाळायला काय झालं?"

"नाही, सहज."

सहज कोणी काही विचारत नाही, एवढं तर वयाने शिकवलं होतं. कालही पहारा संपवून ते सतरंजीवर टेकले, तोच ती वाकून म्हणाली, "बाह्या खाली घ्या, काका. वारा गार आहे." ऊन तर चांगलं लख्ख पडलं होतं. काकांनी बाह्या खाली घेतल्या, पण ही पोरगी नेमकी कशाच्या मागावर आहे, ते त्यांना उमजेना.

एवढ्यात काकू जेवण घेऊन आल्या. पिशवी ठेवता ठेवता त्यांनी सगळ्यांनाच ऐकवलं, "यांच्या संपाबरोबर आमचं कपाटही संपावर गेलंय. तेव्हापासून त्याची किल्ली गायब. माझा बरा स्वेटर आत आणि मी बाहेर कुडकुडतेय."

"बरा स्वेटर आत," झेरॉक्स म्हणाला.

सगळे हसले. पोरगी तेवढी हसली नाही. तिने बाईंच्या पुढ्यातल्या डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी हातातला घास खाली ठेवला.

"आता सोक्षमोक्ष लावूनच टाकू," बाई म्हणाल्या. "पोरी, मागच्या फाटकाकडे तुझं काय काम असतं?"



"रोपं तेवढी जिवाची," मागून कोणीतरी म्हणालं, "आणि आम्ही काय पालापाचोळा?"

"पालापाचोळा," झेरॉक्स म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

काकांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पोरगीच उठून उभी राहिली.

"मी घालते पाणी."

"किल्ली?"

"सरांच्या खणातली."

बाईंनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "आमच्यात बसून आमचाच गळा कापलास. काढून टाकायला तुझं नाव दाव्यात नाही, म्हणून सुटलीस. चालती हो. पुन्हा इकडे फिरकू नकोस."

तिच्या बरोबरच्या मुलांनी तिने रंगवलेला फलक उचलला आणि तिच्यादेखत उलटा करून भिंतीला टेकवला. तिची मैत्रीण जमिनीकडे बघत राहिली. पोरगीने दप्तर खांद्याला अडकवलं. काकांपाशी आल्यावर ती थांबली आणि चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकली.

"काका," ती त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "मधल्या ओळीला तुमच्या हातून पाणी जरा जास्त पडतंय."