बिनखिडकीची खोली

चंडीप्रसाद सेमवालांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. गाल लालबुंद, ओठ तर पान खाल्ल्यासारखे. पद्मासन मोडलेलं नव्हतं, फक्त पाठ भिंतीला टेकली होती. रोज सहाला बाहेर येणारा माणूस आठ वाजले तरी आला नाही, म्हणून गोदांबरीने दार ढकललं होतं. नवऱ्याला तसं बघून तिने उंबऱ्यातूनच हात जोडले आणि बर्फातून तशीच नैथाणी मास्तरांना बोलवायला धावली. चार वर्षं या माणसाने पहाटे चारला उठून श्वास कोंडला. मीठ सोडलं, चहा सोडला, बायकोशी बोलणंही जवळजवळ सोडलं. आज अनुष्ठानाचा चाळीसावा दिवस, आणि आज फळ आलं असं तिला वाटलं.

मास्तर आले ते रोजच्या साधनेतल्या तिघांना घेऊन. त्यांच्यामागून आणखी दहाबारा जण आले आणि अंगणात बूट काढून उभे राहिले. हर्सिलच्या वरच्या या गावात थंडीत दुसरं काम तरी काय असतं.

मास्तरांनी सेमवालांच्या नाकापाशी बोट धरलं. "श्वास आहे, पण अगदी बारीक. आपोआप थांबत आलाय. मी तीस वर्षं बसतोय, मला नाही जमलं हे." आवाजात आनंद होता, आणि थोडी जळजळही होती. "कोणी हात लावायचा नाही. या अवस्थेत हलवलं तर प्राण परत येत नाही."

तिघं सेमवालांच्या भोवती मांडी घालून बसले. खोली ती केवढी, गच्च भरली. साधनेच्या खोलीचं दार बुटकं हवं, खिडकी नको, असा नेमच आहे. होती ती एक खिडकी सेमवालांनी स्वतः शेणमातीने लिंपून टाकली होती.

"मास्तरजी, आत आल्याबरोबर डोकं गरगरायला लागलं," तिघांतला प्रेमलाल म्हणाला.

"त्यांची शक्ती आहे ती. अंगावर घे, घाबरू नकोस."

दार उघडल्यापासून गोदांबरीच्याही कपाळाच्या शिरा ठणकत होत्या. तिला वाटलं होतं, थंडीने असेल. आता तिला गेल्या माघातली रस्त्याच्या मजुरांची पत्र्याची खोली आठवली. चौघं जण दार लावून, शेगडी पेटवून झोपले होते. सकाळी सगळं गाव बघायला गेलं, तर चौघांचेही गाल असेच लाल. मेलेत असं वाटतच नाही, म्हणून बायका हळहळल्या होत्या.

सेमवालांना साधनेत विस्तव चालत नसे, थंडी सोसणं हीसुद्धा तपश्चर्याच. पण आठवडाभर ते खोकत होते. म्हणून आज पहाटे ते डोळे मिटून बसल्यावर तिने कोळशाची शेगडी हळूच त्यांच्या पाठीमागच्या कोपऱ्यात सरकवली होती आणि दार ओढून घेतलं होतं. मायेपोटी, दुसरं काय. आता सांगितलं तर त्यांचे चाळीस दिवस मातीत जाणार, आणि तेही साऱ्या गावासमोर. शुद्धीवर आल्यावर ते तिचं तोंडही बघणार नाहीत. न बघोत.

"मास्तरजी, ही समाधी नाही," ती दारात वाकून म्हणाली. "त्यांच्या मागे शेगडी आहे, मीच ठेवलीय. त्यांना बाहेर काढा, आणि तुम्हीही निघा आधी."

मास्तरांनी मान वळवून पाहिलं. वर पांढरी राख होती. "विझलीय की, वहिनी. आणि धूर कुठाय?"

"राखेखाली निखारे आहेत अजून, त्यांना धूर नसतो. त्या मजुरांच्या खोलीत तरी कुठे होता?"

"ते दारू पिऊन झोपलेले मजूर. कोणाची बरोबरी कोणाशी करताय?" मास्तर समजूत घालावी तसे हसले. "शेवटच्या दिवशी घरचंच माणूस आडवं येतं. माया सोडत नाही, वहिनी. आम्ही तयारच होतो."

ती आत घुसली आणि नवऱ्याचा हात धरून ओढू लागली. हात ऊन होता, मऊ होता, पण बोटांनी तिचा हात धरला नाही. प्रेमलालने आणि दुसऱ्या एकाने तिला उचलून बाहेर आणून ठेवलं. बुटकं दार लागलं, आतून कडी बसली, आणि मास्तरांसकट चौघांनी ओंकार धरला.

तिने ओसरीतली कुऱ्हाड घेतली आणि लिंपलेल्या खिडकीवर दोन घाव घातले. थंडीने शेणमातीचा दगड झाला होता. तिसरा घाव पडायच्या आत अंगणातल्या पुरुषांनी तिचे दोन्ही हात धरले. रागाने नाही, पोर चुलीकडे निघालं की धरतात तसे.

"माझा नवरा मरतोय आत," ती म्हणाली. "माझ्या हातून झालंय हे. मला काय ते बोला, पण दार तोडा."

कोणी तिच्याकडे बघेना. सगळ्यांचे कान खोलीकडे होते. आत चार आवाज होते, लांबलचक, एकमेकांत मिसळलेले. मग प्रेमलालचा पातळ आवाज थांबला. गोदांबरी कान देऊन मोजू लागली. तीनच आवाज. बराच वेळ तीन. मग दोन.

अंगणातली म्हातारी बोडी, सगळ्या गावाची मोठी काकू, तिच्याजवळ सरकली. तिने गोदांबरीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, तिचे डोळे पुसले आणि तिच्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "रडू नकोस, सूनबाई. ऐक, एकेकाची समाधी लागतेय."