धोंड्याचा हीटर

"नासिरभाई, पाया पडतो, पण हे मशीन दुरुस्त करू नका."

संगप्पा अण्णा एवढं कानात पुटपुटले आणि लगेच बैठकीकडं तोंड करून ओरडले, "काय बी करा, पण आज चालू झालंच पाहिजे! जावयाची भेट हाय!"

नासिर मिस्त्रीनं पान्यांची पिशवी खाली ठेवली. उदगिरात ट्रकच्या वायरिंगमध्ये त्याची हयात गेली होती, पण हरण्यासाठी बोलावणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा भेटत होतं. शिवाय नावाचा प्रश्न होता. नासिरनं हात लावलेलं मशीन बंद राहिलं, असं उदगीरपासून औशापर्यंत कुणी म्हणत नव्हतं. कुणी म्हणालं असतं, तर नासिरनं त्याचा सलाम घेतला नसता.

मे महिना, त्यात अधिकमास. ऊन असलं कडक की कावळे उडायचं सोडून सावली-सावलीनं पायी निघाले होते. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून माणसाला घरापर्यंत पोचवायला येत होतं. आणि अशा दुपारी संगप्पा अण्णांच्या बैठकीत मधोमध मांडला होता डिझेलवर चालणारा, गरम हवा फेकणारा हीटर.

त्याचं असं झालं. जावई शिवमूर्ती ट्रक चालवायचा, उदगीरची डाळ पार लेहला पोचवायचा. दिवाळीत त्यानं केबिनमधल्या हीटरचं कौतुक केलं. बाहेर डिझेल गोठतं अन् आत आपण बनियनवर बसतो म्हणाला. सासूबाई, यशोदाबाई, रीत म्हणून बोलून गेल्या, "आपल्या घरी बी असता तर!" झालं. सासूचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? धोंड्याच्या जेवणाला येताना जावयानं तो आणलाच. आता धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे दारी आलेला देव, आणि देवाला नको म्हणायची हिंमत कुणाची? अण्णांनी गल्लीभर सांगून टाकलं, जेवण हीटरच्या हवेत!

जावयानं धुराचा पाइप स्वतःच्या हातानं खिडकीबाहेर काढला. सांध्याला काळी टेप गुंडाळली आणि पुन्हा सोडवायला सोपी जावी म्हणून तिचं टोक, त्याच्या सवयीनं, दुमडून ठेवलं. मग त्याला आहेराचा जाड सफारी घातला, डोक्याला फेटा बांधला आणि पाटावर बसवलं. पाट बरोबर हीटरच्या तोंडासमोर. मानाची जागा! अण्णांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. हीटर मुका.

"राहू द्या मामा. कशाला मिस्त्रीला तरास?" जावई परत परत म्हणाला.

"तरास कसला? नासिरभाईच्या हाताखाली मेलेलं मशीन बी उठून बसतं!" अण्णा बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

तर नासिर कामाला लागला. हीटरला जोडलेली बॅटरी दमदार होती. फ्यूजचं झाकण काढलं, तर आत फ्यूजच नाही. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. अण्णांच्या चंचीतून, सुपारीच्या खांडांआडून, काहीतरी पिवळं डोकावत होतं.

"अण्णा, जरा सुपारी द्या की."

सुपारीबरोबर फ्यूज आला. अण्णांनी छताकडं पाहिलं. फ्यूज बसला, हीटरवरचा दिवा लागला, पण पंखा काही हलेना. नासिरनं झाकण खोललं आणि बोटानं पाती ढकलून बघितली. घट्ट! जाळीतून वेलदोड्याचा वास आला. पंख्याच्या घरात काठोकाठ पुरण दाबून भरलेलं होतं.

यशोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं आल्या. "नासिर बाबा, आत काय सापडलं तर बाहेर बोलायचं न्हाई हं," त्या हळूच म्हणाल्या.

"बोलतो कशाला मावशी? फक्त गूळ जरा जास्त झालाय."

"चाखलास व्हय रे मुडद्या?"

"तपासून बघावं लागतंय मावशी. कामच हाय आपलं."

चमच्यानं पुरण उकरून काढलं. पाती भिंगरीसारखी फिरू लागली. नासिरनं बटण दाबलं. अण्णांनी डोळे मिटले, यशोदाबाईंनी पदर तोंडात धरला. पण मोटर गप्पच. आता मात्र नासिरला चेव आला. फ्यूज अण्णांचा, पुरण मावशीचं, मग ही तिसरी करामत कुणाची? तारेचा माग काढत त्याचं बोट मोटरच्या पाठीमागं गेलं आणि थांबलं. मोटरचा प्लग उपसून ठेवला होता. दोन्ही तोंडांना काळी टेप, अगदी सफाईनं गुंडाळलेली. टेपचं टोक दुमडलेलं.

नासिरनं मिशीतलं हसू मिशीतच दाबलं.

टेप ओढायची, प्लग दाबायचा, संपलं काम. नाव राखायला एवढं पुरे होतं. त्याचा अंगठा टोकावर गेलासुद्धा.

"काय नासिरभाई," पाटावरून जावयाचा आवाज आला, जरा चिरकाच, "व्हायलंय का चालू?"

नासिरनं अंगठा मागं घेतला. झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि उभा राहून दोन्ही हात झटकले.

"मोटर जळली! आता बनवणारा आला तरी उठायची न्हाई. नासिर हरला म्हणून सांगा खुशाल गल्लीत!"

बैठकीत पहिला सुस्कारा सुटला तो अण्णांचा. त्यानं दाराचा पडदा आढ्याला जाऊन लागला. दुसरा यशोदाबाईंचा. त्यानं ताटातल्या तुपावर लाटा उठल्या. आणि तिसरा, सगळ्यांत लांब, ज्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून धोंड्याचा महिनाच संपवून टाकला, तो आला जावईबापूंच्या फेट्याखालून.