न पडलेला टॉवेल

“टॉवेल पडलाच नव्हता,” ती म्हणाली. “मी खोटं सांगितलं.”

चौकशी समितीच्या अध्यक्षाने पेनाला टोपण लावलं. अशा वेळी माणसं आधी बराच वेळ गोल गोल फिरतात आणि मग कुठे मुद्द्यावर येतात. ही पंचबाई पहिल्याच प्रश्नाला सरळ कबूल झाली. त्याला ते आवडलं. पण त्यामुळे निकाल बदलणार नव्हता.

बॉक्सिंग संघटनेचं कार्यालय व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून पिशवीवर बसणाऱ्या ठोशांचे आवाज येत होते. अध्यक्षाला सगळे ‘काटा’ म्हणत, आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही. तराजूचा काटा. सख्ख्या मेहुण्याने पंच म्हणून एका लढतीत खोटे गुण दिले, तर त्याने त्यालाही कायमचं घरी बसवलं होतं. तेव्हापासून सासुरवाडीला त्याला चहा मिळायचा, पण त्यात साखर घालायला सगळे आठवणीने विसरायचे.

आजचं प्रकरण तर त्याहून सोपं होतं. अंतिम सामन्याची शेवटची फेरी चालू होती. एक बॉक्सर गुणांवर चांगलाच पुढे होता. एकदाही खाली पडलेला नव्हता. फेरीआधी डॉक्टरांनी तपासून ‘खेळू दे’ म्हटलं होतं. तरी पंचबाईने मध्येच हात आडवा घालून लढत थांबवली. बॉक्सरच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला, म्हणजे त्याच्याच माणसांनी हार मानली, असं तिने जाहीर करून टाकलं. विजय गेला समोरच्याला. आणि समोरचा होता, ती स्वतः जिथे घडली त्याच तालमीतला.

“ओळखीचा होता म्हणून?” काट्याने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मला त्याचं बघणं बरं वाटलं नाही.”

“कुणाचं?”

“जिंकत होता त्याचं. आपल्या संघटनेच्या नियमाने, डॉक्टर बरा म्हणाले की मला स्वतःहून लढत थांबवता येत नाही. टॉवेल, एवढं एकच दार उघडं होतं.”

“बघणं बरं वाटलं नाही,” काट्याने तिचे शब्द तिला परत ऐकवले. “उद्या कुणाला एखाद्याचं नाक आवडणार नाही. लढती बंदच करून टाकू.”

शेजारी बसलेल्या वकिलाने हसू दाबलं. समितीत ते दोघेच होते. वकील त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाला, “इतक्या वर्षांत हिच्याबद्दल एक तक्रार नाही. वर्षभर लांब ठेवू. आयुष्यभराची बंदी जरा जास्त होते.”

“चूक केली असती तर मी आठवड्यात परत घेतलं असतं,” काटा म्हणाला. आवाज हळू ठेवायची त्याला गरज वाटली नाही. “चुकतो तो शिकतो. पण पंच खोटं बोलला की पुढच्या प्रत्येक निकालाला वास येतो. तिच्याही आणि आपल्याही.”

तिने मान खाली घातली नाही. “बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.”

काट्याला क्षणभर तिचा राग आला. माणूस भांडला की बंदी घालणं सोपं जातं.

मग बॉक्सरला बोलावलं. कोचच्या पाठोपाठ तो आत आला. रुंद खांद्यांचा, नीट भांग पाडलेला, इस्त्रीच्या शर्टातला देखणा गडी. कोचने खुर्ची ओढून दिली, तेव्हा तो बसला. पंचबाई टेबलाच्या टोकाला होती. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. काट्याला त्यात त्याचा रुबाब दिसला.

“बोल, बाळा.”

“मी ठणठणीत होतो, साहेब. मला सगळं लख्ख आठवतंय. मी जिंकत होतो. पंचांनी तोंडचा घास काढून घेतला.”

“लढत थांबली तेव्हा नेमकं काय झालं?” वकिलाने विचारलं.

“मी ठणठणीत होतो. मला सगळं लख्ख आठवतंय.”

“टॉवेल?”

“कुणी टाकला नव्हता,” कोच म्हणाला. “ते तर यांनाही माहीत आहे.”

काट्याने वकिलाकडे पाहिलं. खरं बोलणाऱ्याला शब्द बदलावे लागत नाहीत, हे त्याने कित्येकदा अनुभवलं होतं. त्याने कागद पुढे ओढून ‘आजीवन बंदी’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. वकिलानेही उसासा टाकून सही केली. पंचबाईने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. ती रडली नाही. तेवढा मान काट्याने तिला मनातल्या मनात दिला.

“न्याय झाला, साहेब,” कोच म्हणाला आणि दाराकडे वळला. “चल रे.”

पण बॉक्सर चांगल्या वळणाचा होता. त्याने काट्याच्या हातात हात दिला, मग वकिलाच्या. मग तो टेबलाच्या टोकाकडे गेला. कोच दारातून “अरे, राहू दे ते,” म्हणाला, पण तोवर तो पंचबाईसमोर पोचलाही होता. आता हा काही लागट बोलेल म्हणून काटा खुर्चीतून अर्धा उठला.

बॉक्सरने वाकून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अगदी मनापासून म्हणाला, “ताई, तुमचेही आभार. माझी लढत थांबवणारा तो माणूस परत कधी रिंगमध्ये दिसता कामा नये.”