जाड रेघेची चौकट

कप्तानाने माऊस हातात घेतला तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांवरचं रक्त अजून सुकलं नव्हतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी "आई गं, आई गं" करत होतं. मग तेही थांबलं.

"सरक," तो म्हणाला. टायपिस्टबाई खुर्ची सोडून उभी राहिली.

गोदामाचं हे ऑफिस कप्तानाच्या बंदूकवाल्यांनी महिन्यापूर्वी बळकावलं होतं. बाई इथली जुनी कारकून, तिलाही मालासकट ठेवून घेतलं. काम एकच. पकडून आणलेल्या माणसांची रोज सकाळी कॉम्प्युटरवर यादी करायची. नाव, वय, खोली. मग कप्तान स्वतः बसायचा आणि त्यातल्या चार नावांभोवती जाड रेघेची चौकट आखायचा. तोंडाने कुणाचं नाव घ्यायचं नाही, कशावर सही करायची नाही, ही त्याची रीत. उद्या कुणी जाब विचारलाच, तर काय म्हणे, तक्त्याच्या रेघा! लबाड मेला.

चौकटीतल्या चौघांचे हात आणि डोळे बांधून त्यांना ट्रकमध्ये कोंबत. ते बाई खिडकीच्या फटीतून बघायची. बाकीचे मागच्या फाटकाने पायी जायचे, हात मोकळे, डोळे उघडे. ट्रक खाणीच्या रस्त्याला लागला की दहा मिनिटांत खाणीकडून गोळ्यांचे आवाज यायचे. दुसऱ्या दिवशी नवी यादी, नवी माणसं. यात समजायचं काय उरलं होतं?

आज एकोणीस नावं होती. सातवं नाव तिच्या धाकट्या भावाचं.

सकाळी तिनेच ते टाइप केलं होतं, स्वतःच्या बोटांनी. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, म्हणून कुणाला संशय आला नव्हता, आणि तिनेही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. भाऊ म्हटलं की हे लोक त्याचाच फास करून आपल्या गळ्यात घालतील, एवढं तिला कळत होतं. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला, तिनेच बदडला, तिनेच कुशीत घेतला.

कप्तानाने माऊस फिरवला. सातव्या ओळीभोवती काळी जाड रेघ उमटली.

बाईने कपाटाला हात टेकला. कप्तानाने मग आणखी तीन चौकटी आखल्या, मन लावून, मुलं चित्र रंगवतात तशा.

"घे. छाप."

"साहेब," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "यादी खोलीप्रमाणे लावून देऊ का? पहारेकऱ्यांना वर-खाली शोधत बसावं लागतं. काल माझ्यावरच खेकसले."

"चौकटींना हात लावलास तर बोटं तोडीन."

"एकाही रेघेला हात लावत नाही."

हे खरंच होतं. कॉम्प्युटरवरच्या या तक्त्याची खोडच तशी. क्रम बदलला की नावं हलतात, आकडे हलतात, पण आखलेल्या रेघा हलत नाहीत. ज्या ओळीवर आखल्या त्याच ओळीवर बसून राहतात. पूर्वी पाळ्यांची यादी करताना या खोडीपायी तिने मालकाच्या दोनदा शिव्या खाल्ल्या होत्या.

कप्तान कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला वळला. तिने एकच बटण दाबलं.

नावं भराभर जागा सोडून पळाली. सातव्या ओळीत आता कुणी शिंपी आला, वय एकावन्न, खोली दोन. भाऊ अकराव्या ओळीत मोकळा. बाकीच्या तीन चौकटींत कोण आलं ते तिने वाचलंच नाही.

कप्तानाने हात पुसत छापलेल्या कागदावरच्या चौकटी मोजल्या. चार. कागद पहारेकऱ्याकडे गेला.

"चार माणसं मारलीस गं भवाने," ती मनाशी म्हणाली. "असू दे. माझा वाचला."

शिंप्याला फरफटत आणलं. "माझ्या पोरींना कळवा हो!" म्हणून तो गयावया करत होता. पहारेकऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने त्याचा जबडा फोडला, डोळे बांधले आणि पोतं टाकावं तसा ट्रकमध्ये टाकला. बाईने ओठ इतका चावला की तोंडात रक्ताची चव आली, पण ती बघत राहिली. तेवढं तरी तिला भोगायलाच हवं होतं.

ट्रक गेला. मग मागच्या फाटकाने बाकीचे निघाले. भाऊ लंगडत होता, एक डोळा सुजून बंद झालेला. पण चालत होता! "जा रे राजा," ती पुटपुटली, "मागे वळून बघू नकोस."

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिने दोन्ही कानांत बोटं घातली आणि शिंप्यासाठी ढसाढसा रडली. रडताना मध्येच हसूही येत होतं, आणि त्या हसण्याची तिला किळस वाटत होती.

कप्तान परत आला तोवर तिने चेहरा धुतला होता. तो खुर्चीत रेलला आणि बूट टेबलावर ठेवले.

तिला राहवलं नाही. "साहेब, मागच्या फाटकाने गेले ते एव्हाना घरी पोचले असतील ना?"

"घरी?" तो हसला. "आवाज ऐकला नाहीस? मागच्या फाटकाची वाट खाणीतच उतरते. सुटतात ते ट्रकवाले. खाणीच्या पुढे, पुलापलीकडे नेऊन सोडतो त्यांना. वाट कळू नये म्हणून डोळे बांधतो."

बाईने टेबलाची कड घट्ट धरली. तिच्या चेहऱ्याकडे बघून कप्तानाने बूट खाली घेतले, आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात म्हणाला, "अगं, घाबरतेस काय अशी? आडनाव बदललं म्हणून मला कळणार नाही होय? तुझ्या भावाची चौकट मी सगळ्यात आधी आखली."