दुसरी रेघ

ओलेबिलेने म्मा बोनोलोच्या परवान्यासाठी हाताने लिहिलेली कोडची ओळ आज पुन्हा गायब होती.

सलग तिसरी सकाळ. संगणकाचं पालुपद तेच: या बाईच्या नावावर एकही जनावर नाही, गुरं हलवायचा परवाना मिळणार नाही. खिडकीपलीकडच्या बाकावर म्मा बोनोलो काठी टेकून बसली होती. उत्तरेकडे लाळ्या-खुरकुताची साथ होती. शुक्रवारपर्यंत तिच्या ताब्यातल्या अकरा गाई साथ रोखणाऱ्या सरकारी कुंपणापलीकडे गेल्या नाहीत, तर सरकारी माणसं त्यांना गोळ्या घालणार होती. आज गुरुवार.

"माझी ओळ पुसतंय कोण?" ओलेबिले कडाडला.

"कोणी नाही," र्रा मोदिसे चहा ढवळत म्हणाले. ते गुरांच्या परवाना कचेरीचे प्रमुख, या धंद्यात मुरलेले. इकडे मानाने बाईला 'म्मा' म्हणतात, पुरुषाला 'र्रा'. "कोड तू लिहीत नाहीस, राजा. यंत्र लिहितं, रोज नव्याने, मधल्या आराखड्यावरून. आणि तो आराखडा उतरतो भिंतीवरच्या चित्रावरून. वर जे नाही, ते खाली टिकेल कसं? चित्र कोणाचं?"

चित्र ओलेबिलेचंच होतं. आता राग बाजूला राहिला आणि त्याला कुतूहलाने घेरलं. मधला आराखडा त्याने तक्त्यामागून तक्ता तपासला. सगळं चोख. वरच्या चित्रात तर चुकायला जागाच नव्हती. एका चौकटीत 'गाय', दुसरीत 'मालक', मध्ये एक रेघ. आईने शिलाई मशीन चालवून गाबोरोन शहरातल्या दोन खोल्यांत वाढवलेल्या पोराला गुरांबद्दल याहून जास्त काय ठाऊक असणार?

"तिलाच विचार की," मोदिसे म्हणाले.

म्मा बोनोलो आत आली. तक्त्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. चित्रासमोर मात्र बराच वेळ उभी राहिली.

"ही गाय, हा तिचा मालक. मग मी कुठंय?"

"तुम्हीच मालक ना, म्मा?"

"छे! मी माफिसाने राखते. जनावर दुसऱ्याचं. राखण माझी, दूध माझं, अधूनमधून एखादी कालवड माझी. कॉलेजात काय गवत चरत होतास?"

मोदिसे खजील होऊन हसले. "माझे आजोबा जन्मभर हेच करायचे. आणि हे चित्र मीच मंजूर केलं!"

ओलेबिलेने 'राखणदार' अशी तिसरी चौकट काढली आणि तिथून गाईपर्यंत दुसरी रेघ ओढली. ती मधल्या आराखड्यात उतरवली, यंत्राकडून कोड नव्याने लिहून घेतला. दहा मिनिटांत अर्ज उघडला. त्याला नाचावंसं वाटलं.

"राखणदार, म्मा बोनोलो," त्याने भरलं. "मालकाचं नाव?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"ते सांगत नसतात, पोरा. आपली गुरं किती हे घरच्यांनाही कळू नये, म्हणून तर माणूस ती दुसऱ्याच्या दावणीला बांधतो. मी शब्द दिलाय."

"नाव नसेल तर उद्या अकराच्या अकरा जातील, म्मा."

तिने मोदिसेंकडे पाहिलं. ते कप उचलून बाहेर गेले. दार लागेपर्यंत ती थांबली.

"लिही मग," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आईचं."